आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सौदा पावती करा म्हणतात, त्याआधी प्लॉटचं नेमकं काय काय तपासू?

अमळनेरची_लेक
नमस्कार मंडळी. बाबा शाळेतून निवृत्त झाले आणि आई-बाबांना आता जळगावात राहायचं आहे. मी पुण्यात असते, त्यामुळे कागदपत्रांचं सगळं माझ्याकडे. शहराच्या हद्दीला लागून एक प्लॉट पाहिलाय, दीड हजार चौरस फूट, नकाशावर समोर नऊ मीटरचा रस्ता. मूळ जमीन तीन भावांच्या नावावर आहे.

एजंटने सात-बाराची झेरॉक्स, लेआउटचा रंगीत नकाशा आणि एक जुना सर्च रिपोर्ट (जमिनीच्या जुन्या दस्तांच्या तपासणीचा अहवाल) दिला. एन.ए. (जमीन अकृषक होणं) "झाल्यात जमा आहे" असं तो म्हणतो. आखाजीच्या मुहूर्तावर सौदा पावती करा, दोन लाख इसार म्हणून आगाऊ द्या, अजून दोन पार्ट्या रांगेत आहेत, असा रोज फोन येतो. बाबांच्या ग्रॅच्युइटीचे पैसे आहेत हो हे. पुन्हा उभे राहणार नाहीत. वकील लावणारच आहे, पण वकिलाकडे जाण्याआधी आणि नंतरही स्वतः काय बघायला हवं?

गिरणेचा_पोर
ताई, दोन पार्ट्या रांगेत असतील तर त्यांना पुढे जाऊ द्या. आखाजी दरवर्षी येते.

कोर्टकचेरी_धुळे
ताई, मी धुळ्यात वकिली करतो. तुमच्या पोस्टमधलं प्रत्येक वाक्य आमच्या ऑफिसात आठवड्याला ऐकू येतं, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, झेरॉक्स बाजूला ठेवा. महाभूमीच्या साइटवरून डिजिटल सहीचा सात-बारा १५ रुपयांत स्वतः काढा. वर भोगवटादार वर्ग बघा. वर्ग १ असेल तर एक पायरी ओलांडली. वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री नाही. मग उजवीकडचा "इतर हक्क" रकाना. सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा, कुळाचं नाव, कूळकायदा कलम ४३ चा शेरा (कुळाला मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवरचं बंधन), सगळं तिथे असतं. कलम ४३ चा शेरा दिसला म्हणून लगेच पळू नका. कुळाच्या खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर जमिनीच्या महसूल आकारणीच्या ४० पट रक्कम सरकारला नजराणा म्हणून भरून ती अडचण सुटते. पण तो विकणाऱ्याने भरायचा, तुमच्या खरेदीच्या आधी. आणि अगदी खाली एक ओळ असते, ती कोणी वाचत नाही: "प्रलंबित फेरफार", म्हणजे हक्कबदलाची अजून मंजूर न झालेली नोंद. तिथे "नाही" पाहिजे. एखादा नंबर असेल तर ती नोंद कशाची हे तलाठ्याकडून कळेपर्यंत एक रुपया द्यायचा नाही.

दुसरी गोष्ट, फेरफार. सात-बाऱ्यावर नावांखाली कंसात किंवा गोलात नंबर असतात. त्यातली प्रत्येक नोंद, म्हणजे गाव नमुना ६, काढून वाचा. जमीन या तिघांकडे आली कशी? वारसाने, वाटणीने, खरेदीने की बक्षीसपत्राने? साखळीतली एक कडी निसटली की पुढचं सगळं लोंबकळतं.

आणि एन.ए. "झाल्यात जमा" हा प्रकार कायद्यात नाही. झालं किंवा नाही झालं. झालं असेल तर आदेशाचा नंबर आणि तारीख मागा. प्लॉटनिहाय सात-बारा झाला असेल तर त्यावर क्षेत्र आर-चौरस मीटरमध्ये येतं, आणि क्षेत्र अकृषक झाल्यामुळे गाव नमुना १२ ची आवश्यकता नाही अशी ओळ छापलेली असते. तुमच्या झेरॉक्सवर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये आहे का? असेल तर ते अजून शेतच आहे.

भुसावळ_जंक्शन
वकीलसाहेबांचा आदर आहे, पण इतकं उकरत बसलं तर खान्देशात कोणी घरच बांधणार नाही. माझ्या वडिलांनी रेल्वेच्या नोकरीत असताना भुसावळला शब्दावर जागा घेतली, आज तिथे तिसरी पिढी नांदतेय. विकणारा माणूस बघावा, गावात त्याचं नाव बघावं. सात-बारा नावावर झाला की झालं.

कोर्टकचेरी_धुळे
नाना, तुमच्या वडिलांच्या वेळी विकणारा आणि घेणारा एकाच गल्लीतले होते, शब्द मोडला तर रोज तोंड दाखवायचं होतं. इथे विकणारे तीन, मध्ये एजंट, घेणारी पुण्यात. आणि सात-बारा नावावर झाला की झालं, हे मात्र मला मान्य नाही. सात-बारा ही महसुलाची नोंद आहे, मालकीचा दस्त नाही. सुप्रीम कोर्टाने हे अनेकदा सांगितलंय. मालकी नोंदणीकृत खरेदीखताने येते. साठेखत (पुढे विकण्याचा करार), नोटरी, मुखत्यारपत्र यांच्या जोरावर झालेल्या "विक्री"ने मालकी मिळत नाही, हेही सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये स्पष्ट केलं. तरी आजही नोटरीवर प्लॉट विकले जातात आणि लोक घेतात.

एरंडोलची_सून
मला वेगळंच खटकलं. ताईंनी लिहिलंय "तीन भाऊ". बहिणी किती?

आमच्या नात्यातली गोष्ट सांगते. जमीन विकून झाली, घेणाऱ्याने कंपाउंड घातलं, आणि मग आत्याच्या मुलांनी दावा लावला. आत्याने कधी सही केलीच नव्हती. तलाठ्यासमोर "माझा हिस्सा भावांना सोडला" असा जबाब घेतला गेला होता, त्यावरून नाव कमी केलेलं. आपल्याकडे बहिणी माहेर तुटू नये म्हणून हिस्सा मागत नाहीत, ही खरी गोष्ट आहे. पण न मागणं आणि कायद्याने सोडणं यात फार अंतर आहे.

कोर्टकचेरी_धुळे
एरंडोलच्या ताई, सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारला. स्थावर मालमत्तेतला हिस्सा सोडायचा तर हक्कसोड पत्र नोंदणीकृत लागतं. नुसता जबाब कोर्टात टिकवणं अवघड. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, वडील २००५ मध्ये हयात असोत नसोत. त्यामुळे वडिलोपार्जित जमीन असेल तर सगळ्या बहिणी, आणि बहीण वारली असेल तर तिचे वारस, खरेदीखतावर संमती देणार म्हणून हवेत, किंवा आधीचं नोंदणीकृत हक्कसोड हवं.

एरंडोलची_सून
मग आखाजीचा उपयोग करून घ्या ना! लेकी माहेरी येतात त्याच दिवसांत. एजंटला म्हणा, इसार नको, आधी सगळ्या बहिणींशी घरी बसून बोलणं करून द्या. खरंच सोडलं असेल तर त्या तुमच्यासमोर हसत सांगतील.

तापीकाठचा_गणपा
आणि शेवभाजीचं जेवणही होऊन जाईल 😀 आमच्याकडे मोठा सौदा जेवल्याशिवाय होत नाही.

शहादा_एक्सप्रेस
शेवभाजी कुठली, आखाजीला खापरावरची पुरणपोळी आणि आमरस! विषय भरकटवू नका.

तळोदेकर
नंदुरबार जिल्ह्यात कोणी हा धागा वाचत असेल तर त्यांच्यासाठी. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर भागात जमीन बघताना आधी खातेदार आदिवासी आहे का ते बघा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६अ. अनेकदा इतर हक्कात तसा शेरा असतो. शेरा नसला तरी जुन्या फेरफारांत मूळ खातेदार कोण होता ते बघा. १९७४ चा जमीन परत देण्याचा कायदा आहे, आणि तो योग्यच आहे. इथल्या कित्येक कुटुंबांच्या जमिनी सावकारीत, दारूच्या उधारीत गेल्या. "नव्व्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा करून देतो" म्हणणारा भेटला तर तिथूनच परत फिरा. कायद्यासाठी म्हणून नाही फक्त, त्या माणसाच्या घरासाठीसुद्धा.

माती_आणि_सिमेंट
मी चोपड्याला बांधकामं करतो. कागद वकील बघतील, मी जमिनीचं बोलतो.

तापीच्या खोऱ्यातली काळी माती कापसाला, केळीला सोनं, पण घराला जड जाते. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात रिकाम्या प्लॉटवर जाऊन बघा, हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. त्याच भेगा पुढे भिंतीत तिरप्या दिसतात, खिडकीच्या कोपऱ्यापासून निघून वर छताकडे जातात. आजूबाजूच्या बांधलेल्या घरांच्या कंपाउंडच्या भिंती नीट बघा, त्या खोटं बोलत नाहीत. मुरूम किती फुटांवर लागतो हे शेजारी ज्याने बांधलं त्याला विचारा. मुरूम खोल असेल तर पायाचा खर्च वाढतो, आणि तो प्लॉटच्या भावात धरायला हवा. मालकाने परवानगी दिली तर एक खड्डा घेऊन मातीची तपासणी करून घ्या, संपूर्ण घराच्या खर्चात ती रक्कम दिसतही नाही.

दुसरं, भराव. प्लॉट सपाट आणि छान दिसतोय म्हणजे तो तसाच होता असं नाही. नाला बुजवून लेआउट पाडलेले मी पाहिलेत. मूळ गाव नकाशावर आणि मोजणीच्या नकाशावर नाल्याची रेघ असते. ती रेघ आणि तुमचा रंगीत नकाशा एकमेकांवर ठेवून बघा.

पांझराकाठ
भाऊंनी नाल्याचं लिहिलं, मी नदीचं लिहितो. धुळ्यात पांझरेला पूर आला की काठावरच्या वस्त्यांत पाणी शिरतं. पाटबंधारे खात्याच्या पूररेषा असतात. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाची परवानगी मिळत नाही. नदीजवळची जागा असेल तर नगररचनेतून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्याच. त्यातच विकास आराखड्यातला रस्ता, शाळेचं किंवा बगीच्याचं आरक्षणही कळतं.

शहादा_एक्सप्रेस
रस्त्यावरून आठवलं. महामार्ग ५३ रुंद झाला तेव्हा किती जणांची दुकानं, घरांचे पुढचे भाग गेले ते सगळ्यांनी पाहिलंय. आता मनमाड–इंदूर रेल्वेमार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, तो धुळे जिल्ह्यातून जातो. "रेल्वे येणार, भाव दुप्पट" म्हणून त्या बाजूला प्लॉट विकणं जोरात आहे. गट नंबर भूसंपादनात येतो का हे आधी बघा. भाव दुप्पट व्हायच्या आधी जागाच जायची.

रावेर_केळीवाला
पाणी! कोणीच पाणी बोललं नाही अजून. आमच्या रावेर-यावल पट्ट्यात बोअर किती खोल गेल्या ते आम्हालाच ठाऊक. प्लॉट बघायला हिवाळ्यात जाऊ नका, एप्रिल-मे मध्ये जा. शेजारच्या बाईला विचारा, नळाला पाणी किती दिवसांआड येतं, टँकर किती रुपयांना पडतो. एजंटपेक्षा ती खरं सांगेल. आमची आजी एका जागेवरून म्हणाली होती, "बठ्ठं कागदवर शे, जमीनवर काहीच नही." तिथे रस्ता, गटार, नळ, सगळं फक्त नकाशात होतं.

खोली_शोधतोय
मी मध्येच घुसतोय, माफ करा. भाऊ विद्यापीठात आलाय, जळगावात त्याला भाड्याने खोली घ्यायची आहे. मालक म्हणतात स्टॅम्प पेपरवर अकरा महिन्यांचं लिहून नोटरी करू, रजिस्टर करायची गरज नाही. खरंय का?

कोर्टकचेरी_धुळे
खरं नाही. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. अकरा महिने असोत की पाच, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. हे मालकांना समजावून सांगा, ते स्वतःच नोंदणीला तयार होतील. ऑनलाइन होते, फार खर्च नाही. भावाला सांगा, राहायला जायच्या आधी वीज मीटरचं रीडिंग आणि भिंती, नळ, पंखे यांचे फोटो काढून मालकांना व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेव. डिपॉझिट बँकेतूनच दे. आणि खोली देणारा खरंच मालक आहे का, हे वीजबिल आणि घरपट्टीच्या पावतीवरच्या नावावरून बघ.

खोली_शोधतोय
खूप आभार वकीलसाहेब. घरपट्टी बघायचं डोक्यातच नव्हतं.

भुसावळ_जंक्शन
धागा वाचतोय. बहिणींचा मुद्दा मला पटला. माझ्या दोन्ही बहिणींनी सह्या केल्या होत्या, वडिलांनी स्वतः नेऊन करवल्या होत्या. म्हणजे शब्दावर म्हणत असलो तरी कागद होतेच.

गिरणेचा_पोर
नाना, हे मान्य केलंत, आनंद झाला 🙏

अमळनेरची_लेक
मंडळी, तुमच्या सांगण्याप्रमाणे बरंच काही केलं, ते लिहिते.

डिजिटल सात-बारा काढला. क्षेत्र हेक्टर-आरमध्येच आहे. म्हणजे प्लॉटचा सात-बारा अजून नाही. प्रलंबित फेरफार: नाही. वर्ग १. विकास सोसायटीचा बोजा आहे, एजंट म्हणतो फेडलाय, नोंद कमी करायची राहिलीय.

मग वारसाचा फेरफार काढला. विकणाऱ्या भावांच्या वडिलांच्या मृत्यूनंतर पाच नावं लागली होती. त्यांची आई (ती पुढे वारली), तीन भाऊ आणि एक बहीण. दुसरी बहीण त्या नोंदीत मुळातच नाही! आणि जी होती तिचं नाव पुढच्या फेरफारात "जबाबावरून" कमी झालंय. एरंडोलच्या ताईंनी लिहिलं अगदी तसंच. दुसरी बहीण आहे हे मला प्लॉटशेजारच्या काकूंनी सांगितलं, सुरतला असते म्हणाल्या.

नगररचनेत बाबा स्वतः गेले. लेआउटला तात्पुरती मंजुरी आहे, अंतिम नाही. आमचा प्लॉट ज्या कोपऱ्यात दाखवलाय तिथे मंजूर नकाशावर मोकळी जागा आहे असं बाबांना वाटतंय. आकडे नीट लागत नाहीत.

माती_आणि_सिमेंट
ताई, हे फार गंभीर आहे. लेआउटमध्ये साधारण १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते, ती सगळ्या प्लॉटधारकांच्या वापराची असते. ती कोणालाच विकता येत नाही. रंगीत नकाशा विसरा, मंजूर नकाशाची शिक्क्याची प्रत मागा आणि दोन्हींतले प्लॉट नंबर एकेक करून ताडून बघा.

कोर्टकचेरी_धुळे
बाबांना माझा नमस्कार सांगा, त्यांनी मोठं काम केलं.

तात्पुरत्या मंजुरीवर रस्ते, गटारी, मोजणी पूर्ण करून मग अंतिम मंजुरी येते, त्यानंतर भूमी अभिलेखकडून कमी-जास्त पत्रक (क्षेत्राच्या विभागणीची नोंद) होऊन प्लॉटनिहाय सात-बारे उघडतात. तोवर तुमच्या प्लॉटला कागदावर स्वतंत्र अस्तित्व नाही. शिवाय जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर प्लॉट विकायलाही महारेरा (गृहप्रकल्पांवरचं राज्याचं नियामक प्राधिकरण) नोंदणी लागते. पी अक्षराने सुरू होणारा नंबर मागा आणि महारेराच्या साइटवर स्वतः उघडून बघा. आणि नोंदणीकृत प्रकल्पात करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

सर्च रिपोर्ट जुना आहे म्हणालात, तो चालणार नाही. नवा, ३० वर्षांचा करून घ्या. आयजीआरच्या (नोंदणी विभागाच्या) साइटवर सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचा गोषवारा, तुम्ही स्वतःही बघू शकता, पण तिथे संगणकीकरणानंतरचेच दस्त मिळतात, जुन्यासाठी दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात रजिस्टर बघावी लागतात. ई-कोर्ट्सवर तिन्ही भावांची आणि बहिणींची नावं टाकून दावे शोधा. मग जळगावच्या पेपरांत जाहीर नोटीस.

अमळनेरची_लेक
हे सगळं एजंटला सांगितलं तर तो म्हणाला "मॅडम, तुम्हाला घ्यायचंच नाही." विकणाऱ्या तिघांतल्या मोठ्या भावाशी मात्र बाबा थेट बोलले. तो शांत माणूस आहे. म्हणाला, बहिणींचं आम्हीही कधी नीट केलं नाही, करायला हवं. बोजाचा दाखला आणतो, मोजणीचा अर्जही टाकतो म्हणाला. अंतिम मंजुरीला वेळ लागेल हे त्यानेच कबूल केलं. दुसऱ्या बाजूचा प्लॉट, रस्त्यालगतचा, दाखवलाय.

कोर्टकचेरी_धुळे
असा विकणारा मिळाला तर थांबायला हरकत नाही. पण थांबणं म्हणजे इसार देऊन थांबणं नव्हे. त्यांना आत्ता काही दिल्याशिवाय राहवतच नसेल तर रक्कम अगदी छोटी ठेवा, चेकनेच द्या. जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यात बंदी आहे, दंड तितकाच. पावतीत स्पष्ट लिहा: सर्व बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोड किंवा खरेदीखतावर संमती, बोजा कमी झाल्याचा फेरफार, लेआउटची अंतिम मंजुरी, प्लॉटनिहाय सात-बारा आणि मोजणीची 'क' प्रत (मोजणीचा नकाशा), हे ठरलेल्या तारखेपर्यंत झालं नाही तर पूर्ण इसार परत. "इसार जप्त" हे वाक्य एजंटच्या छापील नमुन्यात असतं, ते खोडायला लावा. खरेदी आईच्या नावे करत असाल तरी मुद्रांक शुल्कातली महिलांची १ टक्का सवलत धरू नका, ती घर-फ्लॅटच्या खरेदीला आहे, नुसत्या प्लॉटला नाही.

एरंडोलची_सून
मोठ्या भावाचं वाचून बरं वाटलं. ताई, सुरतच्या बहिणीला तुमच्या आईने किंवा बाबांनी स्वतः फोन करावा, एजंटने नाही.

अमळनेरची_लेक
आई करतेय फोन. मसुदा आमच्या वकिलांकडे पाठवलाय, "जप्त" खोडून. मोजणीची तारीख लागली की बाबांसोबत मीही येणार आहे, हद्दीच्या खुणा डोळ्यांनी बघायच्यात.

गिरणेचा_पोर
मोजणीला लगतच्या खातेदारांनाही नोटीस जाते, त्यांच्याशी बोलून घ्या. वाद असेल तर तिथेच कळतो.

पारोळ्याचा_पावसाळा
माझाही असाच प्रश्न आहे. गावठाणातलं जुनं माडीचं घर घेतोय, ग्रामपंचायतीचा नमुना ८ आहे विकणाऱ्याच्या नावावर. तेवढा पुरेल का?

कोर्टकचेरी_धुळे
नाही पुरत. नमुना ८ कर आकारणीसाठी असतो. तुमच्या गावात स्वामित्व योजनेतली गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका निघाली का ते आधी विचारा. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.